रडून दिलेली सायकल

जुनी सायकल घ्यायला गेलं की मी सायकल बघायचो आणि बायको घर बघायची. तसं काही ठरवलेलं नव्हतं. मी अंगणात उकिडवा बसून चाक फिरवत राहायचो, तेवढ्या वेळात तिनं काय करावं? पाणी मागायच्या निमित्तानं ती आत जायची. आत गेली की चुलीपाशी टेकायची आणि घरच्या बाईला सरळ विचारायची, "काहून इकून राहिले हो सायकल?" अंगणात बाप्या मला एक सांगायचा, आत बाई हिला दुसरं सांगायची. दोन्ही मिळून जे निघायचं ते खरं.

तिचा नियम एकच होता. रडून दिलेली सायकल घ्यायची नाही. पोरीचं लग्न जमलं, शाळा सुटली, म्हणून बाप सायकल विकायला निघालाय आणि पोरगी आत तोंड लपवून बसलीय, असली सायकल फुकट मिळाली तरी आमच्या दारात येत नव्हती. मी चिडायचो.

"सायकलीला काय कळतं गं, कोण रडलं न् कोण न्हाई?"

"सायकलीला न्हाई कळत. मला कळतं ना. माघं मी बसणार हाये."

घरधन्यासमोर असं बोलता येत नव्हतं, म्हणून तिची खूण होती. बाहेर येऊन म्हणाली, "पंप आणलाय ना?" म्हणजे घ्या. "चला, ऊन झालं," म्हणजे निघा. एकदा भर झडीत, अंगणात घोट्याएवढं पाणी असताना ती बाहेर आली आणि म्हणाली, "चला, ऊन झालं." घरधनी आभाळाकडं बघत राहिला. मी निमूट उठलो. ती सायकल फार चांगली होती. जुन्या घडणीची, सांधा न् सांधा साबूत. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. तीही बोलली नाही, फक्त मधेमधे कॅरिअरवरून माझ्या पाठीत बोट खुपसून म्हणायची, "खड्डा."

आधी माझं जवळा बाजार गावाच्या रस्त्याला सायकलीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक पाण्याचं घमेलं. तासावर सायकली द्यायचो, पंक्चर काढायचो. मग घराघरात मोटरसायकल आली आणि तासावर सायकल नेणारं गिऱ्हाईक संपलं. दुकान मोडलं, पण हात काही मोडला नाही. तेव्हापासून घरी, बाभळीखाली, जुन्या सायकली आणायच्या, ठीक करायच्या आणि ज्याला लागते त्याला द्यायच्या, असं चालू झालं. लोक विचारतात, आता सायकल कुणाला लागते? लागते. दूधवाल्याला लागते, जिनिंगवरच्या राखणदाराला लागते. साखरेची बिमारी झालेल्याला डॉक्टर सायकल चालवायला सांगतो, मग तो मोटरसायकल वाजवत माझ्याकडं सायकल घ्यायला येतो.

आणि सायकली सापडायचं म्हणाल तर सगळीकडं आहेत. बाजारात सापडत नाहीत, गोठ्यात सापडतात. कडब्यामागं, हळद शिजवायच्या कढईमागं. कुठं हँडलावर कोंबडी बसलेली असते, कुठं दांडीवर पोती वाळत असतात. वरून गंज दिसला तरी मी घाबरत नाही. गंज म्हणजे चेहऱ्यावरची माती. मी आधी पुढचं चाक धरणारा चिमटा बघतो. चिमट्याच्या वर, हँडलाच्या बुडाशी रंग सुरकुतलेला असला तर समजायचं, ही सायकल कुठंतरी जोरात धडकलेली आहे, मालक कितीही नाही म्हणू दे. मग मागचं चाक उचलून फिरवायचं आणि कान लावायचा. चाकातले छर्रे चांगले असले तर भाकरी थापल्यासारखा एकसारखा आवाज येतो. दाणा फुटला असला तर मधे खर्र होतं.

बायको गेल्या पावसाळ्यात गेली. किडनीचं होतं. नांदेडला नेली, तिथून परत आणली. शेवटी काय बोलली म्हणून लोक विचारतात. काही बोलली नाही. झोपेत गेली. मी बाजेजवळ खाली झोपलेलो, मलाही कळलं नाही. पाव्हणे आले, दुखवट्याची टोपी-उपरणं घेऊन आले, जेवून गेले. टोप्या एवढ्या झाल्या की सुनेनं त्या पेटीत भरून ठेवल्या.

त्यानंतर मी एकही सायकल आणली नाही. जायचं कसं? सायकल मला बघता येत होती, घर कोण बघणार? बाभळीखाली हत्यारं पडून राहिली. पान्यांना मी तेल लावायचो आणि परत गुंडाळून ठेवायचो. मुलगा म्हणायचा, "बाबा, आता आराम करा." आराम म्हणजे काय ते मला आजपर्यंत कोणी करून दाखवलं नाही.

हळदीची काढणी संपत आली तेव्हा तांड्यावरचा एक माणूस आला. चाळिशीचा असेल, दुसऱ्याच्या शेतात कामाला जातो. दारातच उभा राहिला. बस म्हणालो तरी बसेना.

"मामा, मामीनं एक सायकल कबूल केली व्हती."

"कव्हा?"

"त्या गेल्या त्याच्या आधी. बाजारात भेटल्या व्हत्या. म्हणल्या, तुझ्या बायकोसाठी चांगल्या कॅरेलची बघू."

तांड्यावर कॅरिअरला कॅरेल म्हणतात. मी विचारलं तसं त्यानं सगळं सांगितलं. त्याची बायको उसाच्या ट्रॉलीतून उतरताना पडली होती. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. घरातल्या घरात चालते, सडकेपर्यंत चालवत नाही. तांडा सडकेपासून आत आहे, तिथं जीप येत नाही. आधी ही बाई दर बाजाराला वांगी, मिरच्या, चुका घेऊन बसायची. आता टोपली हा घेऊन जातो आणि भाव करता येत नाही म्हणून अर्धा माल तसाच परत आणतो.

"मोटरसायकल?"

"भावाची हाये. भाऊ कारखान्यावर. मला चालवता येत न्हाई, मामा. एकदा बसलो तर आडात जाता जाता वाचलो."

"आन सायकल?"

"सायकलीचं काय. ती आपलं ऐकती." मग म्हणाला, "ती रोज इचारती. मामीचा शब्द हाये म्हणती, सायकल येणारच. मामी गेल्या हे बी तिला माहीत हाये, तरी म्हणती."

तो गेला. मी आत येऊन सुनेला विचारलं, हे तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "मला न्हाई सांगितलं. पण आत्यानं कबूल केलं असंल तर केलं असंल." बायकोनं कधी कुणाला खोटा शब्द दिला नव्हता. शब्द तिनं दिला आणि ती गेली, म्हणजे तो माझ्याकडं आला. शेत जसं येतं तसाच.

दुसऱ्या दिवशी मी जीपनं शिरड शहापूरकडं निघालो आणि मधल्याच एका गावात उतरलो. तिथं एका घरी जुनी सायकल पडून आहे असं कानावर आलं होतं. घर सापडलं. पंचेचाळिशीचा माणूस, अंगणात हळदीची पोती शिवत होता.

"व्हय काका, हाये. बापाची हाये. बाप गेला, आता कोण चालवतं? गोठ्यात जागा अडकून राहिली."

सायकल बाहेर काढली. बावीस इंची, दांडीची. चिमटा सरळ. मागचं चाक थोडं आऊट होतं, फिरताना डुलायचं, ते काही नाही, तारा ओढल्या की येतं. कॅरिअर बघून तर मी खूशच झालो. लोखंडी पट्टीचं, घरी बसवलेलं, रिपीट मारलेलं, त्याच्यावर दोन पोती ठेवली तरी वाकणार नाही. वर एक गादी होती, कापडाची, सुतळीनं बांधलेली. एक गोष्ट मात्र मला नवल वाटली. टायर फुटून गेलेले, ब्रेकच्या सळ्या गंजून अडकलेल्या, आणि चेन ओली. गोठ्यात उन्हाळे काढलेल्या सायकलीच्या चेनीला बोट लावलं तर बोटाला तेल आलं. मी ते बघितलं आणि सोडून दिलं. म्हटलं, बरंच झालं, चेन वाचली.

अंगणात मी आणि तो. घरात बाई आहे की नाही तेही मी विचारलं नाही. एकट्या बाप्यानं लोकांच्या चुलीपर्यंत कसं जायचं? भाव त्यानं भंगाराचा सांगितला. मी दिला आणि सायकल जीपच्या टपावर बांधून आणली.

घरी आल्यावर मला हुरूप आला, खोटं कशाला बोलू. रेशनचं रॉकेल कधीच बंद झालं, आता डिझेलनं धुवावं लागतं. दोन्ही चाकं खोलली, छर्रे काढून वाटीत टाकले, जे झिजलेले होते ते बदलले, टायर नवे चढवले, ब्रेकच्या सळ्या सोडवल्या. चाक उलटं बांधून एकेक तार पिळत आऊट काढला. पायडलचा एक कॉटर, म्हणजे खिळा, अडकून बसला होता, त्याला हातोडीनं मारायचं नसतं, लाकूड मधे धरून मारायचं, नाही तर डोकं पसरतं आणि मग तो कधीच निघत नाही. तो निघाला तेव्हा मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, "निघाला बघ." आणि मागं वळून बघितलं. मागं शेळी होती.

सगळं झाल्यावर गादी धुवायला काढली. सुतळी सोडत होतो तेवढ्यात सून शेळीला चारा टाकायला आली. वाकून बघायला लागली.

"बाबा, ही लुगड्याची हाये. हा काठ बघा. नऊवारीचा हाये."

"असंल."

"टाका बी बघा. गोधडीचा टाका हाये, एकाच हातचा. वरचा थर नवा हाये, आतले जुने. फाटली की वरून नवं लुगडं लावलंय, पुन्हा फाटली की पुन्हा." तिनं गादी उलटी केली, नाकाला लावली. "धूळ न्हाई. कोणीतरी झटकून राहिलं हिला."

मी गादी तिच्या हातातून घेतली. तिनं विचारलं, "आतल्या बाईला इचारलं व्हतं का तुमी?"

सासूच्या हाताखाली राहून ती एवढं तरी शिकणारच. माझ्या डोक्यात ती ओली चेन आली. टायरला कोणी हवा भरत नव्हतं, ब्रेक कोणी बघत नव्हतं, पण चेनीला तेल घातलं जात होतं आणि गादी झटकली जात होती. जिला सायकलीतलं काही कळत नाही, पण सायकल मरू द्यायची नाही, तीच असं करते. लोखंड मला हे अंगणातच सांगत होतं. मी ऐकलं नाही, कारण ती खूण माझ्या शिकण्यातली नव्हती, बायकोच्या शिकण्यातली होती.

संध्याकाळी तांड्यावरचा माणूस आला. बाभळीखाली सायकल उभी बघून त्याचं तोंड असं झालं की माझ्यानं बघवेना. त्यानं कॅरिअरवर दोन्ही हात ठेवून दाबलं, मग स्वतः बसून बघितलं.

"मामा, हीच का?"

"न्हाई."

"मंग ही कुणाची?"

"ठरायचं हाये."

"परवा बाजार हाये, मामा. ती म्हणती, निदान एकदा—"

"म्हणलं ना, ठरायचं हाये."

तो गेला. सून आतून ऐकत होती. तिनं भाकरी वाढली आणि काही बोलली नाही, ते न बोलणंसुद्धा सासूसारखंच होतं.

मला झोप लागली नाही असं काही नाही, लागली. पण सकाळी उठलो तेव्हा ठरलेलं होतं. बायकोच्या शब्दासाठी सायकल द्यायची आणि ती द्यायला बायकोचाच नियम मोडायचा, हे मला जमणारं नव्हतं. रडून दिलेली असली तर परत करायची. तांड्यावर मग काय सांगायचं, ते पुढचं पुढं. गादी वाळली होती, ती कॅरिअरवर जशी होती तशी बांधली आणि सायकल चालवतच निघालो. वाटेत दोनदा उतरावं लागलं, चढाला दम लागतो आता. पण सायकल कशी चालत होती म्हणून सांगू. आवाज नाही, हेलकावा नाही. अशी सायकल परत करायला चाललोय याचं मला मनापासून वाईट वाटत होतं.

तो माणूस अंगणातच होता. मला बघून त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, पैसे परत मागायला आला.

"काय झालं काका, खराब निघाली का?"

"न्हाई. तुझी आई हाये का घरात?"

"हाये." तो घुटमळला. "पण तिच्यापाशी नका काढू सायकलीचं."

"तेच काढायला आलोय."

आतून आवाज आला, "कोण हाये रे?" आणि त्याच्या मागोमाग म्हातारी बाहेर आली. माझ्याच वयाची, नाही तर दोन वर्षांनी मोठी. कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. सायकल बघितली. माझ्याकडं बघितलं. मुलाकडं बघितलंच नाही.

मी सरळ सांगितलं. "बाई, ही मी परवा नेली. तुमाला न इचारता नेली. तुमाला दुःख झालं असंल तर घेऊन आलो. ठीक करून आणली हाये, त्याचं काही द्यायचं न्हाई."

म्हातारी ओट्यावर बसली. सायकल फिरवून दाखवा म्हणाली. मी स्टँडला लावून पायडल फिरवलं. तिनं ऐकलं.

"करकर गेली."

"गेली."

"ती करकर लांबून कळायची मला. म्हातारा आला म्हून भाकरी टाकायचे." मग म्हणाली, "मला काय करायची हाये सायकल? मी चालवू का आता?"

"तुमी चेनला तेल घालत व्हत्या."

"कोणी सांगितलं तुमाला?"

"चेननं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "डोक्याला तेल लावलं की हात कुठंतरी पुसावा लागतो. भिंतीला पुसला तर सून बोलती."

मी म्हणालो, "बराबर हाये."

मग तिनं पहिल्यांदा मुलाकडं बोट दाखवलं. "मी बाजाराला गेले व्हते. परत आले तर गोठ्यात जागा मोकळी. इचारलं तर म्हणतो, अडचण व्हत व्हती. तुझ्या बापाची अडचण झाली का रे? मी परवाच्यापासून बोलले न्हाई याच्याशी. सायकल इकली म्हून न्हाई. इचारलं न्हाई म्हून."

मुलगा पोत्याची सुई हातात घेऊन उभा. "इचारलं असतं तर तू दिली असती का?"

"दिली असती. चार शिव्या देऊन दिली असती. त्या शिव्या राहिल्या ना माझ्या पोटात."

तो म्हणाला, "मंग आता दे."

तिनं दिल्या. चारच्या वर होत्या. मी सायकलीकडं बघत राहिलो. शेवटी तिचं संपलं, तेव्हा तिच्या सुनेनं आतून चहा आणला. म्हणजे तीही दाराआड थांबून हेच संपायची वाट बघत होती.

चहा पिता पिता म्हातारीनं विचारलं, "कुणासाठी घेतली व्हती?" मी तांड्यावरच्या बाईचं सांगितलं. ट्रॉलीतून पडल्याचं, वाकडं हाड, बाजार. बायकोनं शब्द दिला होता तेही सांगितलं.

"मंग तुमची बायको काहून आली न्हाई?"

"गेली ती. पावसाळ्यात."

म्हातारी काही अरेरे म्हणाली नाही. "म्हून आत आले न्हाई तुमी. बाई असती तर आत आली असती." मग म्हणाली, "ती तांड्यावरची केवढी हाये अंगानं?"

"मला काय माहीत. बघितली न्हाई."

"बाप्यांना काही माहीत नसतं. उसाला जाणारी म्हणजे हाडकुळीच असंल. तिला ही गादी टोचंल. सोडा ती."

मी गादी सोडून दिली. तिनं हातात घेतली, चेपून बघितली. "धुतली का तुमी? पिळून धुतली. आतलं सगळं गोळा झालं." आत जाऊन तिनं एक जुनं लुगडं आणि दोरा आणला. सुई मुलाच्या हातातून घेतली, ती जाड म्हणून परत केली, सुनेकडून दुसरी मागवली. दोरा ओवायला सुनेला लावला. आणि मग ओट्यावर मांडी घालून टाके घालायला बसली.

मी समोर बसून राहिलो. जावं की थांबावं कळेना. ती टाके घालता घालता बोलत होती. म्हातारा सायकल चालवताना कधी खड्डा आला म्हणून सांगायचा नाही. ही मागं बसलेली, डोक्यावर टोपली. तो मजेत. एकदा हिचे दात एकमेकांवर आपटून जीभ चावली, तेव्हापासून ही गादी. "आधी एकच थर व्हता. जसजसा म्हातारा आंधळा होत गेला तसतसे थर वाढवले."

मी म्हणालो, "माझी बायको मलाच सांगायची, खड्डा."

"मंग तुमी चुकवायचे?"

"न्हाई. सांगेपर्यंत निघून जायचा."

तिला हसू आलं. दोरा दातानं तोडला. गादी स्वतः कॅरिअरवर बांधली. माझ्या गाठीवर तिचा भरवसा नव्हता. बांधून झाल्यावर हातानं दोनदा थोपटली, बैलाच्या पाठीवर थोपटतात तशी.

"न्या. मी दिली."

मी म्हणालो, "बाई, पुढच्या टायमाला एखादी सायकल घ्यायची झाली, तर घरात कसं इचारायचं? मी एकटा बाप्या. मला कोण आत घेतं?"

"अंगणातून हाक मारा. तोंड हाये ना? बाया बहिऱ्या न्हाईत." मग तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "पण मला इचारायला येऊ नका रोज रोज. मला कामं हायेत."

मुलगा मला वेशीपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "काका, परवापासून जेवण तोंडात जात नव्हतं. आज जाईल." मी म्हणालो, "मला न्हाई, तिला सांग."

बाजाराच्या दिवशी सकाळी मी सायकल घेऊन तांड्यावर गेलो. बाई दारात बसूनच होती. टोपली भरलेली, वांग्यांवर ओलं फडकं, नवी ओढणी. म्हणजे मी येणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. खरंच हाडकुळी होती. नवरा पळत आला आणि पुढचं चाक धरून उभा राहिला, जणू सायकल निघूनच जाणार होती. तिला दोघांनी धरून बसवलं. वाकडा पाय एका बाजूला सोडला, टोपली मांडीवर. गादी हातानं चाचपून तिनं त्यांच्या बोलीत नवऱ्याला काहीतरी म्हटलं.

"काय म्हणती?"

"म्हणती, मामीनं एवढी मऊ आणली, आन तू म्हणत व्हता काही खरं न्हाई."

गादी मामीची नाही, हे मी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का, मला ठरवता आलं नाही. पण शब्द मामीचा होता, तो खरा होता.

तो चढला. सायकल आधी डावीकडं गेली, मग उजवीकडं, बोरीच्या काट्यात जाता जाता सावरली. तांड्यावरची लेकरं मागं ओरडत पळाली. सडकेच्या वळणाला मला तिची पाठ दिसली, आणि तिचा एक हात त्याच्या पाठीवर. खड्डे सांगत असणार.

मग मी परत निघालो. सायकल द्यायला गेलं की परत पायीच यावं लागतं, कारण जिच्यावर बसून गेलो ती आता दुसऱ्याची झालेली असते. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, पण या धंद्यातलं मला सगळ्यात आवडणारं तेच होतं. जाताना बायको कॅरिअरवर, मी पुढं, बोलणं व्हायचं नाही, वाऱ्यात ऐकू येत नाही. येताना दोघं पायी. तेव्हा ती बोलायची. कोणत्या घरात काय बघितलं, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण म्हातारा आता टिकत नाही. मी हुं हुं करायचो. पायताण चावलं की ती ते हातात घ्यायची. कधी कधी ऊस दिसला की मोडून घ्यायची आणि चालता चालता सोलायची, मला एक कांडं, तिला एक. घर आलं तरी बोलणं संपलेलं नसायचं.

या वेळी मी एकटा होतो. शेतांत हळद वाळत घातलेली होती, त्याचा वास सडकेवर येत होता. मागून जीप आली. ओळखीचा ड्रायव्हर होता, थांबला.

"बाबा, बसा ना. उन्हाचं काहून चालून राहिले?"

"सायकल देऊन आलो."

"मंग आता बसा की."

"न्हाई," मी म्हणालो. "चालतो. थोडं बोलायचं हाये."

त्यानं माझ्या मागं-पुढं बघितलं. सडकेवर दुसरं कोणी नव्हतं. मग त्यानं गिअर टाकला आणि हळूच, धूळ उडू न देता, निघून गेला.